बाईच्या अकरा पिल्लांची स्थळं

आमच्या घरात साप आला तेव्हा मी सत्तर वर्षांची होते, म्हणजे तशी अल्लडच. आता पंच्याहत्तरीला जरा समज आली आहे, त्यामुळे त्या पोरीला हसायचा मला पुरेपूर हक्क आहे.

साप आणला नातीने. नवी नोकरी लागली की मुली कानातलं घेतात, स्कूटर घेतात. हिने काचेची सहा फुटी पेटी घेतली, तिला कुलूप लावलं, दोन थर्मामीटर बसवले, महिनाभर रिकाम्या पेटीचं तापमान वहीत लिहिलं आणि मग एका शनिवारी चार फुटी साप घेऊन आली. बोआ. दक्षिण अमेरिकेकडचा, अजगराच्या भावकीतला, विष नसलेला. "आजी, आपला अजगर घरात ठेवणं गुन्हा आहे. ही परदेशी जात, माणसांकडेच जन्मलेली. वनखात्याकडे माझ्या नावाने नोंद आहे. हा बघ कागद." मी कागद नीट वाचून मान डोलावली. कागद उलटा होता, असं ती सांगते.

मग मी बॅग भरली. हॉलमध्ये उभी राहून जाहीर केलं की या घरात एक तर साप राहील नाही तर मी, आणि पुण्याला बहिणीकडे निघाले. म्हणजे बॅग दाराशी ठेवली आणि अडवायला कोण येतंय त्याची वाट बघत सोफ्यावर बसले. मुलगा पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला आणि विचारलं, "अम्मा, मी पण येऊ का?"

माझा मुलगा मला अम्मा म्हणतो. मद्रासला जन्मला, करणार काय. सापाला तो माझ्यापेक्षा जास्त भितो, पण परवानगी त्यानेच दिली होती. लेकीने ती तापमानाची वही त्याच्यापुढे ठेवली आणि तो हरला. मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तो तपासणीला आहे. नीट भरलेल्या वहीपुढे त्याचं काही चालत नाही. फक्त एक अट घातली त्याने. "तुझ्या नावावर एकच. दुसरा आला तर मी बाहेर."

मला कोणीच अडवलं नाही. चहाच्या वेळेला मी बॅगेतून टॉवेल काढला, मग एक साडी काढली, आणि दिवे लागेपर्यंत बॅग आपोआप रिकामी झाली.

सापाची आणि माझी मैत्री प्रेमाने झाली नाही, एसीने झाली. नुंगंबाक्कमला आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. एसी दोन. एक मुलाच्या खोलीत आणि एक नातीच्या. माझ्या खोलीत पंखा. चेन्नईच्या मे महिन्यात पंखा इतकंच करतो, की या कोपऱ्यातली वाफ त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. आणि या परदेशी पाहुणीला पेटीच्या एका टोकाला एकतीस हवं, दुसऱ्या टोकाला सव्वीस. ऊब द्यायला पेटीखाली तापणारी गादी होती. पण गार टोक गार राहायला अख्खी खोली गार हवी. म्हणजे साप दुपारभर एसीत आणि मी, या घरात पन्नास वर्षांपूर्वी माप ओलांडून आलेली बाई, ओला पंचा डोक्यावर घेऊन जिन्याजवळच्या झुळकेची वाट बघत बसलेली.

तिसऱ्या दिवशी मी उशी घेऊन त्या खोलीत गेले. पेटीकडे पाठ करून झोपले. चौथ्या दिवशी कुशीवर झोपले. आठवड्याने तोंड तिच्याकडे करून.

"अम्मा, दुपारी कुठे होतीस?" मुलाने विचारलं.

"नातीच्या खोलीत झोपले होते."

"तिथे साप आहे."

"आहे. पण घोरत नाही. तुझ्या वडिलांबरोबर चाळीस वर्षं काढली मी, मला हा मोठा फरक वाटतो."

नातीने तिला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते माझ्या कवळीत अडकायचं. मी तिला बाई म्हणायला लागले आणि तेच राहिलं. बाई वाढली. सहा फुटांवर गेली तशी मोठी पेटी आली आणि नवा नियम आला: तिला उचलायचं तर घरात दोन माणसं हवीत. एवढ्या ताकदीच्या जनावराला एकट्याने हाताळायचं नाही, ते कितीही शहाणं असलं तरी. सून बँकेच्या बदलीवर कोइम्बतूरला, फोनवर सापाचा फोटोही बघायला तयार नाही. मुलगा तर त्या खोलीवरून जाताना भिंतीला घासून जायचा. मग दुसरं माणूस मीच. बाईचं वजन कपड्यांच्या टोपलीत बसवून करायचं, ते मी वहीत लिहायची. जेवण तीन आठवड्यांतून एकदा. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे तिच्या गोठवलेल्या उंदरांचा छोटा फ्रिज बाल्कनीत, कुलूपबंद. जेवल्यावर तीन दिवस तिला हात लावायचा नाही, नाही तर सगळं बाहेर काढते. मला हे फार आवडलं. जेवल्यावर तीन दिवस कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, भांडी घासायला सांगायचं नाही. असं सासर कुठे असतं?

दोन वर्षांपूर्वी नातीच्या मनात आलं की बाईला पिल्लं व्हावीत. तिचं म्हणणं असं, की हौशी लोक साप घेणारच आहेत; मग चोरून आणलेला, निम्मा मेलेला साप घेण्यापेक्षा कागदपत्रांसकट, निरोगी, माणसांकडे जन्मलेला घेतलेला बरा. तिने परवानग्या काढल्या, बाईची तपासणी करून घेतली आणि बेंगळुरूच्या एका मैत्रिणीचा नर बोलावला. तो आला आणि मी हिरमुसले. बाई आठ फुटी, हा साडेपाच. नात म्हणाली यांच्यात असंच असतं. शिवाय बाहेरून आलेल्या सापाने रोगराई आणू नये म्हणून त्याला आधी तीन महिने वेगळं ठेवायचं. आमच्या जावयाने ते तीन महिने सामानाच्या खोलीत, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी काढले. आपल्याकडेही ही पद्धत असती तर कितीतरी मुली सुटल्या असत्या.

मुलाला दुसरी अट घालावी लागली. त्याने ती जेवणाच्या टेबलावर, भात कालवता कालवता घातली.

"पिल्लं भोगीपर्यंत. त्या दिवशी सगळं गाव जुनं सामान घराबाहेर काढतं, तेव्हा मीही काढणार. एक जरी पिल्लू राहिलं तर आईसकट सगळी बेंगळुरूला, त्या मैत्रिणीकडे."

"बाईपण?" मी विचारलं.

"बाईपण."

"तिच्याकडे वीस साप आहेत रे."

"मग एकविसावा जड होणार नाही."

ती मैत्रीण सापांना उत्तम सांभाळते, मी स्वतः फोनवर खात्री केली आहे. पण तिच्याकडे दुपारी बाईजवळ कोण झोपणार होतं? मी ताट बाजूला सारलं. नात मात्र म्हणाली, "ठीक आहे अप्पा," आणि पुढच्याच क्षणी रस्समचं भांडं पुढे ओढलं. या वयात मुलींना वाटतं की सगळं जमतं.

बोआ अंडी घालत नाही, पिल्लंच देते. बाईला दिवस गेले, जावई बेंगळुरूला परत गेला आणि मी कामाला लागले. तिने खाणं सोडलं, ते बरोबर होतं, तिला तसंच होतं, पण मला रोज वाटायचं की काहीतरी चमचमीत दिलं पाहिजे. काचेवर हिरवा खण अंथरला, तेवढं नातीने चालवून घेतलं. आणि मग मी तो गाढवपणा केला.

बाई दिवसदिवस तापलेल्या टोकालाच पडून असायची. बाहेर चेन्नईचं ऊन, आत ही निखाऱ्यावर बसलेली. पोटुशीला असं कोणी तापवतं का? मी माझ्या वेळी जून महिन्यात थंड फरशीवर पडून ताक प्यायले होते, तेच शास्त्र. नात ऑफिसला गेली की मी गादीचं बटण बंद करायची, एसी बावीसवर आणायची, आणि ती यायच्या आत सगळं पूर्ववत. वहीत एकतीस लिहायची, सुवाच्य अक्षरात. तीन दिवस हे चाललं. मला काय माहीत की तो थर्मामीटर दिवसातलं सगळ्यात कमी तापमान पोटात साठवून ठेवतो.

नातीने थर्मामीटर बघितला, वही बघितली, मग मला बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आजी, तिला ती ऊब लागते. आत पिल्लं घडतायत." एवढंच. मग तिने बटणावर चिकटपट्टी लावली. मला सत्तरीच्या पुढे कोणी असं गप्प बसवलं नव्हतं. तीन दिवस मी माझ्या खोलीत, पंख्याखाली, स्वतःला शिक्षा म्हणून झोपले. चौथ्या दिवशी शिक्षा फारच गरम व्हायला लागली.

पिल्लं सप्टेंबर संपता संपता झाली, दुपारी अडीचला, मी झोपलेली असताना. उग्र वासाने जाग आली. बघते तो पेटीत पातळ पिशव्या, आणि त्यांतून हातभर लांबीचे, कोरे करकरीत, नक्षीदार गोफ बाहेर पडतायत. कोणी रडत नाही, कोणी काही मागत नाही. मी नातीला फोन लावला.

"हात लावू नकोस, पेटी उघडू नकोस, फक्त मोज."

मी मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं, नऊ. ती माणसासारखी ओळीत थोडीच झोपतात. नात धावत आली तेव्हा मी एकोणीसवर होते. अकरा निघाली.

अकरावं सगळ्यांत लहान, आणि त्याच्या शेपटीच्या टोकाला मुरड होती, करंजीच्या कडेला असते तशी. मी नातीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्यामुळे?"

"सांगता येत नाही. असू शकेल, नसूही शकेल. पण छान आहे ती, काही त्रास नाही तिला."

मुलगी होती ती. मी तिला मुरडी म्हणायला लागले.

प्रत्येक पिल्लाने पहिली कात टाकायची, आपल्या तोंडाने तीनदा जेवायचं, आणि मगच घराबाहेर जायचं, हा नातीचा नियम. त्यात नोव्हेंबर अर्धा गेला. उरले दोन महिने. आणि आता स्थळं बघायची होती.

इथे मला माझ्या विसाव्या वर्षातल्या त्या दुसऱ्या पोरीची ओळख करून द्यावी लागेल. साताऱ्याला ती दाखवायच्या कार्यक्रमात बसली होती. मुलाकडच्यांनी विचारलं, स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, गाणं म्हण, चालून दाखव. ती बैठकीत पाटापासून दारापर्यंत चालली आणि परत आली. मग कोणीतरी म्हणालं, "तुला काही विचारायचं आहे का?" या बावळटीने मान हलवून नाही म्हटलं. कारण तिचं सगळं लक्ष मुलाच्या शर्टाच्या इस्त्रीकडे होतं. मग मद्रासला आल्यावर तिला कळलं की सासरचे तंजावरकडचे, आणि त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरून निघालेली, वाटेत तमिळ होत गेलेली. सहा महिने ती मराठी माणसांशी मराठीत खुणांनी बोलत होती. आणि इस्त्री? ती त्याच्या आईने केलेली होती.

एक प्रश्न विचारला असता तर? तेव्हा मी ठरवलं, या अकरांच्या वेळी प्रश्न मी विचारणार. नात आणि मी बसून दोन पानी प्रश्नावली केली. पेटी केवढी, कुलूप आहे का, वीज गेली तर काय, जनावरांचा डॉक्टर कोण, वनखात्यात नोंदणी कोण करणार, घरातल्यांना माहीत आहे का. शेवटचा प्रश्न नातीचा: हा प्राणी तीस वर्षं जगतो. तुमच्यानंतर कोण?

माझी स्वतःची भर एवढीच, की आई असेल तर आईला घेऊन यायचं. आईला न सांगता साप पाळणारा मुलगा उद्या बायकोला काय काय सांगणार नाही?

काय एकेक स्थळं आली. दोन मुलं दाराशीच मोबाईल काढून उभी. त्यांना साप गळ्यात घालून व्हिडिओ करायचा होता, पिल्लू मग परत दिलं तरी चालणार होतं. मी त्यांना पन्हं पाजून जिन्यापर्यंत पोचवलं. एका मुलाची आई आली, आणि तिने मला एवढे प्रश्न विचारले की शेवटी मीच घामाघूम. तिला पिल्लू तिथल्या तिथे मंजूर. एन्नोरच्या वीजकेंद्रातला एक इंजिनिअर आला, मूळचा नागपूरचा. मराठी ऐकून मी विरघळले, थालीपीठ लावलं, लोणी काढलं.

"आजी, मी सारं वाचून राहिलो न, सहा महिन्यांपासून," तो म्हणाला. खरंच वाचलं होतं. प्रत्येक उत्तर बरोबर.

"क्वार्टरमध्ये एकटाच राहतोस?"

"नाही, तिघं आहोत."

"त्या दोघांना सांगितलंस?"

"सांगीन न."

"मग मीही देईन न. थालीपीठ खाऊन घे."

आठ दिवसांनी तो दोघांनाही लोकलमधून धरून घेऊन आला. त्यातल्या एकाने पिल्लू हातात घेताना डोळे मिटले, पण घेतलं. दिलं.

जिथे होकार, तिथे आधी घर बघायचं. आम्ही बसने कोवलमला गेलो. मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, घर मासळीच्या व्यापाऱ्याचं. पेटी अशी की मला तिथेच राहावंसं वाटलं. तिची आजी उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली, माझ्याच वयाची, माझ्याच चेहऱ्याची, म्हणजे घरात साप यायच्या आधीच्या.

"कडिक्कुमा?" तिने मला विचारलं. चावते का?

"क्वचित. घरच्या माणसांइतकी नाही."

तिने मला जवळ बसवून घेतलं. परतीच्या बसमध्ये मी नातीला म्हटलं, हे घर पक्कं; महिन्याभरात ती म्हातारी एसीत झोपायला लागेल.

आणि मग ते गृहस्थ आले. नौदलातून निवृत्त, सत्तर वर्षांचे, ताठ, छत्री घेऊन. वहीत सगळं लिहून आणलेलं. पेटी स्वतः बनवलेली. मुरडीला त्यांनी हातात घेतलं आणि शेपटीच्या मुरडीवरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत. मला फार बरं वाटलं.

"तुमच्यानंतर कोण?" मी विचारलं.

"मुलं परदेशात आहेत. इथे कोणी नाही."

"मग जमायचं नाही." माझ्या आवाजात काय ठाम सूर होता. शाळेच्या मुख्याध्यापिकेला लाजवेल असा.

ते हसले, मान लववली, छत्री घेतली आणि गेले. त्या वेळी मी चौऱ्याहत्तर वर्षांची होते. माझ्याहून चार वर्षांनी लहान माणसाला मी म्हातारा म्हणून घरी पाठवलं होतं, आणि नंतर मजेत कॉफी प्यायले होते.

जानेवारी उजाडला. दहा गेली. मुरडी राहिली. येणारा प्रत्येक जण तिची शेपटी बघायचा आणि विचारायचा, "दुसरं नाही का?" दुसरं होतं तोपर्यंत दुसरं नेलं. मग दुसरं उरलं नाही, तसं लोकही उरले नाहीत. भोगीच्या चार दिवस आधी मुलाने बेंगळुरूला फोन करून गाडीची चौकशी केली, आणि मी दुपारी बाईच्या पेटीला पाठ करून झोपले. तिच्याकडे बघवत नव्हतं.

भोगीच्या सकाळी साडेनऊला एक माणूस आला. रेशमी शर्ट, हातात चाव्या. लग्नसमारंभ सजवण्याचा त्याचा धंदा. त्याला मुरडीही हवी होती आणि बाईही. "स्टेजवर एंट्री, मॅडम. छोटा नवरीच्या हातात, मोठा नवऱ्याच्या गळ्यात. लाइट, धूर, ढोल. दहा मिनिटांचं काम." कागदावर सही करायला तयार, पेटी घ्यायला तयार, आई आणायलाही तयार. शेपटीबद्दल म्हणाला, "ते फोटोत येत नाही."

नात माझ्याकडे बघत होती. मुलगा टेबलाशी पेपर उघडून बसला होता, पण पान उलटत नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर त्याची अट पूर्ण, आणि बाई तरी चेन्नईत. आठवड्यातून एकदा जाऊन भेटता आलं असतं.

"धुरात ठेवणार तिला?"

"दहाच मिनिटं, मॅडम."

मला बैठकीतल्या पाटापासून दारापर्यंतचं अंतर आठवलं. ते तर दहा मिनिटांचंही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "कॉफी घेऊन जा."

तो गेला. रस्त्यावरून जुन्या चटयांच्या जळण्याचा वास येत होता. गाडी तीन वाजता येणार होती. मी उठले, प्रश्नावलीचा एक कोरा संच घेतला आणि नातीसमोर खुर्ची ओढून बसले.

"हे काय?"

"स्थळ आलंय. विचार."

"आजी, माझ्या नावावर एकच, असं अप्पा म्हणालेत."

"तुझ्या नावावर. माझ्या नावावर अजून एकही नाही."

पेपर किंचित हलला. नातीच्या डोळ्यांत अशी चमक आली की मी ओळखलं, ही आता माझी सोय बघणार नाही. तिने चष्मा वर सरकवला.

"नाव नंतर. पेटी?"

"बाईची जुनी. कुलपासकट."

"हाताळायचा अनुभव?"

"चार वर्षं. दुसरं माणूस म्हणून."

"आजवर हातून काही चूक?"

मी पेपराकडे बघितलं. मुलाला ही गोष्ट माहीत नव्हती. "पोटुशी असताना तिची ऊब तीन दिवस बंद केली. आणि वहीत खोटं लिहिलं."

पेपर खाली आला. "वहीत खोटं लिहिलंस?" त्याच्या आवाजात जो धक्का होता, तो मी पोलिसांना सापडले असते तरी एवढा नसता.

"एकतीस लिहिलं, बावीस होतं."

"अम्मा."

"मधे बोलू नका, अप्पा," नात म्हणाली. मग तिने पान उलटलं आणि शेवटच्या ओळीशी थांबली. चमक विझली तिची. ती तो प्रश्न विचारेना.

"विचार ना," मी म्हटलं.

"तुझ्यानंतर कोण?"

"तू."

"माझ्याकडे बाई आहे. आणि हे घर अप्पांचं आहे, उद्या मी कुठे असेन मला माहीत नाही. मी चालत नाही."

ती बरोबर बोलत होती. मला छत्री घेऊन मान लववणारे ते गृहस्थ दिसले. चार वर्षांनी लहान होते माझ्याहून. त्यांना मी दारापर्यंतही सोडायला गेले नव्हते.

"मग जमायचं नाही," मी म्हटलं. या वेळी सूर तेवढा ठाम नव्हता. "फाड तो कागद."

नातीने कागद फाडला नाही, नुसता हातात धरून बसली. मी उठून खिडकीकडे गेले; तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मागे पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. माझा मुलगा पेपर आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा दुमडतो. त्याला वेळ लागतो.

"त्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"त्या छोट्या सापाचं. एक बाजू मुरडलेली आहे ती शेपटी, म्हणजे तोंड दुसऱ्या बाजूला. बरोबर?"

"बरोबर," नात जपून म्हणाली.

"मग ते ओळखायला सोपं आहे. बाकीच्यांपेक्षा सोपं." त्याने खिशातून पेन काढलं. कारखान्याच्या तपासणीचं, लाल शाईचं. "अम्मानंतर मी. कुठे सही करायची?"

"थांब," मी म्हटलं. "प्रश्न विचारल्याशिवाय सही नाही."

"अम्मा, मी तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच. आईला घेऊन आलास हे ठीक. हात धुऊन ये."

त्याने हात धुतले. साप आल्यापासून पहिल्यांदा तो त्या खोलीत गेला, भिंतीला न घासता, पण डोळे छताला लावून. नातीने मुरडी त्याच्या हातात ठेवली. ती त्याच्या मनगटाभोवती सावकाश गेली, घड्याळाच्या पट्ट्याशी थांबली आणि तिथेच बसली. त्याने एक डोळा खाली वळवला. मग म्हणाला, "गार आहे. चिकट नाही. मला चिकट वाटलं होतं." मग बऱ्याच वेळाने, "गाडीवाल्याला फोन करा कोणीतरी, माझे हात मोकळे नाहीत."

संक्रांत झाल्यावर मी त्या निवृत्त गृहस्थांना फोन केला. माफी मागायला केला होता, पण सुरुवात जमेना, म्हणून सगळी हकीकतच सांगितली. ते बराच वेळ हसत होते.

"एक पुतण्या आहे माझा इथे," ते म्हणाले. "पण तो भितो सापाला."

"माझाही भितो," मी म्हटलं. "विचारून तर बघा."

पुढची पिल्लं होतील तेव्हा होतील. नात म्हणते बाईला दोन-तीन वर्षं आराम हवा. त्यांनी पुतण्याला घेऊन यायला आत्तापासून सुरुवात केली आहे. गुरुवारी येतात, मुरडीला भेटतात. पुतण्या अजून हॉलमध्येच बसतो.

मुरडी आता साडेतीन फुटी आहे, वनखात्याच्या कागदावर माझ्या नावाने. वही मात्र माझ्याकडून काढून घेतली गेली. ती मुलगा लिहितो, लाल पेनाने, आणि थर्मामीटरच्या पोटातलं रोज तपासतो. रविवारी दुपारी त्या खोलीत मला उशी ठेवायला जागा मिळत नाही, कारण आधीच तो तिथे पेपर तोंडावर घेऊन पसरलेला असतो, आणि तो घोरतो.

परवा डोळे न उघडताच त्याने विचारलं, "अम्मा, ती तीस वर्षं जगली तर मी त्र्याऐंशीचा होईन. मग माझ्यानंतर कोण?"

"बघू," मी म्हटलं. "त्र्याऐंशी म्हणजे तसं अल्लडच वय. आधी उठ आणि पेटीची कडी बघ, नीट बसलेली नाही."

तो उठला. कडी नीट बसलेली होती. तोवर मी त्याच्या जागेवर आडवी झाले होते.